तयार की कच्चा

माणूस तयार झाला की अजून कच्चा आहे, हे आमचे डॉ. मुळावकर सर धानाच्या बांधावर उभे राहून ठरवायचे. पीएच.डी.चे नियम विद्यापीठानं छापलेले होते, पण सरांच्या हाताखालच्या पोरांना ते पुरत नसत. प्रबंध लिहून झाला, टाइप करून झाला, तरी सर सही करायचे नाहीत. आधी पोराच्या शेतातल्या प्रयोगावर यायचे, चहा प्यायचे, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात फिरायचे, काहीतरी बिघडलेलं हेरायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "हे कुणी केलं?" शेतात काही ना काही बिघडलेलं असतंच, त्यामुळे सरांचं कधी अडलं नाही. उत्तर ऐकून जीपमध्ये चढता चढता निकाल द्यायचे. तयार म्हटलं की सही. कच्चा म्हटलं की आणखी एक वर्ष त्यांच्या घरचं दळण आणि भाजी आणायची.

मी तीनदा कच्चा निघालो. आज तुमसरला माझं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकं मला 'डाक्टर' म्हणतात. त्यातली चेष्टा मला कळते, पण उधारीवर माल नेणाऱ्याशी भांडून कुणाचं भलं झालंय?

माझा प्रयोग माझ्या गावी, नाकाडोंगरीला होता. पहिल्या वर्षी रानडुकरांनी अर्धी बांधी लोळवली. सरांनी विचारलं, "हे कुणी केलं?" राखण माझी होती, मला झोप लागली होती, म्हणून मी खरं ते सांगितलं, "माझ्यामुळे झालं, सर." सर म्हणाले, "कच्चा. जो माणूस सगळं स्वतःवर घेतो, तो उद्या दहा माणसांकडून काम काय करून घेणार?" दुसऱ्या वर्षी शहाणा झालो आणि डुकरांचं नाव घेतलं. सर म्हणाले, "जनावरावर ढकलता? माणूस नाही मिळाला?" तिसऱ्या वर्षी राखणीला चिंधू नावाचा माणूस ठेवला होता, तरी डुकरं शिरलीच. त्याचं नाव घ्यायचं असं घोकूनच गेलो होतो. पण प्रश्न विचारला तेव्हा चिंधू समोरच उभा होता, सरांसाठी पेरू धुऊन आणलेले, ते धोतराच्या सोग्याला पुशीत. माझं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. सरांनी पेरू घेतले आणि मला कच्चा म्हणून सोडून दिलं.

हे सगळं मी भोजराजला सांगितलं होतं. भोजराज बोंदरे सिहोऱ्याचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि डोक्यानं माझ्या दुप्पट. बाप जागेश्वर लवकर गेला, आई शकुनबाईनं एकटीनं शेती करून पोराला शिकवलं. ही गोष्ट सत्त्याहत्तर सालची. त्या साली एका संशोधन केंद्रात धानावर काम करणाऱ्या कनिष्ठ शास्त्रज्ञाची एक जागा निघाली होती, आणि अशी जागा पाच-पाच वर्षांत निघत नसे. मुलाखतीला जायचं तर प्रबंध सादर झालेला हवा, म्हणजेच सरांची सही हवी. भोजराजचं सगळं त्या एका सहीवर येऊन थांबलं होतं.

त्याचं काम चांगलं होतं, हे मी जळून नाही, मनापासून सांगतो. आमच्याकडे धानाला गाद पडते. बारीक माशी कोवळ्या कोंबात शिरते, लोंब येण्याच्या जागी चांदीच्या रंगाची पोकळ नळी येते आणि पीक जातं. भोजराजनं पाहिलं की बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या काठचा करगा मात्र गादेनं मरत नाही. करगा म्हणजे रानटी धान. त्याला लांब कुसळ, दाणा लाल, आणि पिकायच्या आधीच गळून पडतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती शिवीच. भोजराजनं या करग्याचा आणि आमच्या गावठी बारीक धानाचा संकर केला आणि तीन वर्षं पिढ्या वाढवल्या. विद्यापीठाच्या फार्मवर त्याला जागा मिळाली नाही, ती सरांच्या ओळखीतल्या पोराला गेली, म्हणून शेवटची पिढी त्यानं सिहोऱ्याला स्वतःच्याच बांधीत लावली. तिच्यातली तीसेक झाडं त्याला हवी तशी निघाली. दिसायला थेट करगा, पण दाणा गावठीसारखा बारीक आणि गादेचा एक कोंब नाही. पिकल्यावर त्यांचं बी वेगळं ठेवायचं म्हणून त्यानं त्या झाडांना लाल धागे बांधले.

आता हे धागे बांधले तिथंच तो चुकला, आणि ही चूक आमच्या झाडीपट्टीतल्या पोरानं तरी करायला नको होती. लोंब यायच्या वेळेला करगा ओळखायला नजर लागते, ती सगळ्यांना नसते. म्हणून आमच्याकडे घरातली जाणती बाई आधी बांधीतून फिरते आणि करग्याच्या झाडाला गाठ मारत जाते, कधी तणसाची, कधी चिंधीची. मागून पोरं आणि मजूर बाया येतात, गाठ दिसली की झाड उपटतात. कुणी कुणाला विचारत नाही. भोजराज लहानपणी आपल्या आईच्या मागे असाच गाठी पाहून करगा उपटत हिंडला होता. पण सात-आठ वर्षं विद्यापीठात काढली की गावचं काय लक्षात राहतं? त्याला धागा म्हणजे 'जपा' असं वाटू लागलं होतं.

अश्विनात सरांनी एकाएकी निरोप धाडला, परवा येतो. भोजराज सरांना घ्यायला आदल्या दिवशीच तुमसरला आला. निघताना आईला एवढंच सांगून आला की साहेब माझी परीक्षा घ्यायला येऊन राहिले, बांधी चांगली दिसली पाहिजे.

तिसऱ्यांदा कच्चा ठरूनही मी सरांची बॅग धरतच होतो, त्यामुळे जीपमध्ये मीही होतो. सिहोऱ्याला पोचलो तेव्हा बांधावर डोमाजी पाटलानं खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. दहा-पंधरा माणसं जमली होती, कारण गावचा पोरगा आज डॉक्टर होणार असं शकुनबाईनं सगळ्यांना सांगितलं होतं. ती स्वतः बांधाच्या टोकाला उभी होती, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, लुगड्याचा काष्टा ओला. तिच्या तोंडावरून आनंद नुसता वाहत होता.

बांधी फार सुंदर दिसत होती. एकसारखं धान, एक कुसळ डोकं वर काढून नाही. भोजराज खाली उतरला, पाच पावलं चालला आणि थांबला. त्याची मान इकडून तिकडे फिरली. मग त्याला बांधावरचा ढीग दिसला. उपटलेली झाडं मुळं एका बाजूला करून नीट रचून ठेवली होती, आणि प्रत्येकाला लाल धागा होता.

सरांनी ढीग त्याच्या आधीच पाहिला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सर खूश असले की असं करायचे.

"भोजराज, हे कुणी केलं?"

भोजराजच्या आधी शकुनबाईच बोलली. "मीच केलं साहेब. पाह्यटेपासून एकटीनंच. एक बाई नाही लावली."

"कशासाठी केलंत?"

"करगा होता ना साहेब. तुमी येऊन रायले, अन् बांधीत करगा. लोकं काय म्हणतीन?"

दोघं-तिघं हसले, कौतुकानं. सर खुर्चीवर बसले, पायावर पाय टाकला आणि भोजराजकडे वळले. "यांनी काय केलं ते यांना समजलेलं दिसत नाही. समजावून सांगा. वर्गात सांगतो तसं सांगा, घाई नाही."

भोजराजनं ओठ ओले केले. "माय, तो करगा नोहोता. दिसाले तसा होता, पण माह्या कामाचा होता."

शकुनबाई हसत होती ती हसतच राहिली, नक्की काय बोलणं चाललंय ते न कळून. सर म्हणाले, "नाही समजलं त्यांना. पुन्हा सांगा."

भोजराजनं पुन्हा सांगितलं. करग्याची गाद न पडण्याची ताकद, गावठी धानाशी लावलेला संकर, तीन वर्षांच्या पिढ्या. हे सांगताना त्याचा आवाज हळूहळू सरळ होत गेला, प्रबंध वाचून दाखवताना होतो तसा. सांगणं चांगलंच होतं, मला मान्य करावं लागतं. शकुनबाईचं हसू मावळलं. तिनं ढिगाकडे पाहिलं.

"म्हणजे बी गेलं का रे बाबू?"

"गेलं. दाण्यात अजून दूधच आहे, माय. ते रुजत नाही."

"पाहा, आता समजू लागलंय," सर म्हणाले. "पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून तुमच्या तोंडून आलेलं नाही. हे कुणी केलं?"

शकुनबाईच पुढे आली आणि तिनं ढिगातलं एक झाड उचललं. "पण बाबू, तूच त धागा बांधला होता. धागा पाहूनच त मी..."

भोजराजनं तिच्याकडे पाहिलं, मग धाग्याकडे. त्याला आठवलं. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो, त्याच्या तोंडावर ते आठवणं मला स्पष्ट दिसलं. गाठ कुणी बांधली आणि गाठीचा अर्थ काय, हे बांधावरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. आई बरोबर होती. खूण याची होती, तिनं फक्त ती वाचली होती. आणि हे सरांसमोर आलं तर चूक भोजराजची ठरत होती, 'मी केलं' म्हणणं भाग होतं, आणि 'मी' म्हणणाऱ्याचं काय होतं ते मी स्वतःच त्याला शिकवून ठेवलं होतं.

"तू गप राय," भोजराज म्हणाला.

माझ्यानं राहवलं नाही. "सर, इकडे एक पद्धत आहे, गाठ मारली की..."

"गोपीचंद," सर मान न वळवता म्हणाले, "कच्च्या माणसानं मध्ये बोलू नये." लोक हसले, पाटील सगळ्यात मोठ्यानं. मग सर शकुनबाईकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काय बाई, धाग्याचं काय म्हणत होता तुम्ही?"

तिनं सरांकडे नाही पाहिलं, पोराकडे पाहिलं. बाई अडाणी होती पण मूर्ख नव्हती. आपण पुढचं बोललो तर याचं काय होईल, एवढं तिला त्या पाहण्यात समजलं. तिनं हातातलं झाड खाली ठेवलं.

"काई नाही साहेब. चुकलं माह्याकून."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. सरांनी थांबू दिलं नाही. "त्यांनी कबूल केलं. तुम्ही अजून बोलला नाहीत. तुमच्या केंद्रात उद्या एखादा मजूर असं करील, तेव्हा त्याला काय सांगाल? ते सांगा त्यांना. माझ्याकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून."

आणि भोजराज बोलला. आईकडे बघून, पंधरा माणसांसमोर, एक शब्द न अडखळता. "तू केलं हे. माही तीन वर्सं तू उपटून बांधावर टाकली. समजत नाही त हात कायले लावतेस? याच्यापुढं एका झाडाले हात लावू नको."

शकुनबाईनं मान हलवली. पोरानं धडा विचारावा आणि आपल्याला तो पाठ असावा, तशी. तिचे हात अजून चिखलाचे होते, ते तिनं लुगड्याच्या मागे लपवले.

सर उठले. जीपमध्ये चढताना पायरीवर थांबून म्हणाले, "तयार आहे." डोमाजी पाटलानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. शकुनबाईनंही वाजवल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हा मला त्या पूर्ण गावाचा, त्या जीपचा आणि सगळ्या विद्यापीठाचा संताप आला.

परतीच्या वाटेवर मी सरांना म्हटलं, आता माझं जायचं काही राहिलं नव्हतंच, "सर, त्या गाठीचं असं आहे की..."

"मला माहीत आहे," सर म्हणाले. "वीस वर्षं या जिल्ह्यात धान पाहतोय मी. गाठ म्हणजे उपट."

"मग चूक भोजराजची झाली."

"अर्थातच त्याची."

"आणि बियाणं, सर? गाद न पडणारं धान होतं ते."

"प्रबंधाला आकडे लागतात, ते त्यानं भाद्रपदातच घेतलेत. बियाणं प्रबंधाला लागत नाही." मी गावाहून आणून दिलेले चिंधूच्या वाडीतले दोन पेरू सरांनी बॅगेतून काढले, एक मला दिला. "चूक स्वतःची आहे हे कळलं, आणि तरी समोरच्याच्या गळ्यात घातली, तीही आईच्या. असा मुलगा मला दहा वर्षांत मिळाला नव्हता. तो खूप वर जाईल." मी पेरू खाल्ला नाही, पण फेकलाही नाही. घरी नेऊन कोनाड्यात ठेवला, तिथं तो सुकला.

आठवड्यानं सरांनी मला सिहोऱ्याला प्रबंधाच्या प्रती आणायला पाठवलं. भोजराज घरात नव्हता. शकुनबाई मला हाताला धरून बोडीवर घेऊन गेली. काठच्या चिखलात तिनं ती सगळी झाडं परत लावली होती, ओळीनं, रोवणीत लावतात तशी. सगळी वाळून पिवळी पडली होती, लाल धागे मात्र तसेच होते.

"लावून पायले," ती म्हणाली. "म्हटलं जीव धरला त धरला."

"भोजराजनं पाहिलं का, मावशी?"

"पायलं. काई नाही बोलला. त्याले लय काम असते ना."

आम्ही घरी परतलो. मी प्रती उचलल्या आणि निघालो. भोजराजला सही मिळाली, पदवी मिळाली, जागा मिळाली. प्रबंधाची स्तुती झाली. त्यात एक ओळ होती, 'निवडलेल्या झाडांचं बियाणं काही अडचणींमुळे राखता आलं नाही.' आईसाठी तेवढीच ओळ होती.

पुढं नऊ वर्षं गेली. भोजराज बढती घेत गेला, आता त्याच्याही हाताखाली पीएच.डी.ची पोरं होती. सर निवृत्त झाले आणि त्यांची बांधावरची परीक्षा भोजराजकडे आली. शहाऐंशीच्या कार्तिकात त्याची सरकारी जीप माझ्या दुकानासमोर थांबली. म्हणाला, "चल गोपीचंद, सिहोऱ्याले जाऊन येऊ. मायचा निरोप आहे, डोळ्यानं दिसून नाही रायलं म्हणते." मी दुकान नोकरावर टाकून निघालो.

जीप बोंदऱ्यांच्या बांधीजवळून गेली तेव्हा भोजराजनं ड्रायव्हरला थांबवलं. बांधीत धान कमी आणि करगा जास्त होता. लांब लाल कुसळं वाऱ्यावर हलत होती, निम्मा दाणा गळून चिखलात पडला होता. शेजारच्या बांध्या स्वच्छ होत्या. डोमाजी पाटील बांधावर बैल चारत होता, तो जवळ येऊन म्हणाला, "तुह्या मायनं त्या सालापासून करग्याले हात नाही लावला, साहेब. आम्ही सांगून सांगून थकलो. बी माह्याही बांधीत येऊन पडते." माझ्या मनात आलं की पाटलाला एकदा विचारावं, टाळ्या वाजवल्या होत्यास ना, मग आता भोग.

शकुनबाई ओसरीवर बसून होती. डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा झाला होता. आवाजावरून तिनं पोराला ओळखलं आणि उठायला गेली. भोजराजनं तिला बसवलं, डोळे पाहिले, नागपूरला नेऊन ऑपरेशन करू म्हणाला. मग त्याच्यानं राहवलं नाही.

"माय, बांधीत करगा माजला आहे. काढत काहून नाहीस?"

"तूच त म्हटलं होतं ना बाबू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी तो ऐकायला कान देऊन बसलो होतो, पण नव्हताच. "समजत नाही त हात नको लावू म्हणून. मले का समजते, कोणतं तुह्यं अन् कोणता करगा? एखांद तुह्यं असलं त?"

"तिथं आता माह्यं काही नाही, माय. आता काढ."

"आता दिसत नाही रे."

भोजराज तिच्याजवळ ओसरीवर टेकला. मला वाटलं, आता हा बोलेल. धाग्याचं बोलेल, गाठीचं बोलेल, चूक माझी होती एवढे तीन शब्द बोलेल. मी उठून बाहेर जाणार होतो, म्हणजे त्याला सोपं जाईल. त्यानं घड्याळ पाहिलं.

"निघतो माय. उद्या साकोलीकडे एका पोराच्या शेतावर जायचं आहे. त्याची परीक्षा आहे."

"तुही झाली होती तशी?"

"हो, तशीच."

शकुनबाईनं आवाजाच्या रोखानं मान वर केली. "त्याले माय आहे का रे?"

"असन. काहून?"

"काई नाही. तिले आदीच सांगून ठेव म्हणाव, साहेब येऊन रायले त घरातच बस. बांधीत जाऊ नको."

भोजराज तिच्या पाया पडला आणि जीपमध्ये जाऊन बसला.